कुशीवर वळलं की घर फिरतं, तेव्हा

पहाटे कूस बदलली आणि खोली गरगर फिरायला लागली. पंखा बंद आहे, तरी छतासकट फिरतोय. डोळे गच्च मिटले तरी आतलं फिरणं थांबत नाही, उमासे येतात, कपाळावर घाम सुटतो. पाऊण मिनिटात सगळं ओसरतं. उठून बसावं तर पुन्हा तेच. मग दिवसभर वलणीवर कपडे टाकायला मान वर केली, माळ्यावरचा डबा काढला, देवळात कळसाकडे पाहिलं, चपलेचा पट्टा लावायला वाकलं, की परत एक फेरा.

घरात लगेच निदानं सुरू होतात. बीपी असेल, पित्त असेल, अशक्तपणा असेल, मानेचे मणके झिजले असतील. मग सलाईन, चक्करच्या गोळ्या, मानेला पट्टा आणि एवढ्यानं भागलं नाही तर एमआरआय. यातल्या पुष्कळ माणसांचं दुखणं आतल्या कानात असतं आणि त्यावरचा उपचार पाच-सात मिनिटांत गादीवर होतो. त्याला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही. डोकं ठरलेल्या क्रमानं वळवायचं आणि प्रत्येक ठिकाणी पुरेसं थांबायचं. बहुतेकांचं चुकतं ते या थांबण्यात. म्हणून ही कृती मी सावकाश सांगणार आहे. तुम्हीही ती थांबत थांबत, घाई न करता करा.

आधी ही खात्री करा

डॉक्टरांकडे या दुखण्याला बीपीपीव्ही म्हणतात. त्याची लक्षणं ठरलेली असतात. डोक्याची स्थिती बदलली की चक्कर येते, स्थिर राहिलं की मिनिटभराच्या आत थांबते. ऐकू येण्यात फरक पडत नाही. शुद्ध हरपत नाही. मधल्या वेळात थोडं तरंगल्यासारखं वाटू शकतं, पण सतत गरगरत नाही.

बीपीशी याची गल्लत होते, ती एका प्रश्नानं सुटते: आडवं झाल्यावर बरं वाटतं की आडवं होतानाच चक्कर येते? बीपी उतरल्यामुळे येणारी चक्कर उभं राहताना येते आणि पडून राहिलं की कमी होते. कानातली चक्कर गादीवर पाठ टेकतानाच येते. मानेचंही तसंच. खुर्चीत ताठ बसून मान सावकाश डावी-उजवीकडे वळवली तर या दुखण्यात सहसा काही होत नाही. उलट, मान अजिबात न वळवता सगळं अंगच एकदम कुशीवर वळवलं तरी घर फिरतं. मानेचा दोष असता तर असं झालं नसतं.

पुढचं काहीही सोबत असेल तर ही कृती बाजूला ठेवा आणि थेट दवाखाना गाठा. एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं किंवा बधिरपणा, आधाराशिवाय उभंच न राहता येणं, आजवर कधी झाली नाही अशी जबर डोकेदुखी, छातीत दुखणं, शुद्ध जाणं. डोकं स्थिर ठेवूनही तासन् तास गरगरत राहिलं किंवा एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तरी थांबू नका. मेंदूच्या मागच्या भागातला झटका चक्करनंच सुरू होऊ शकतो. तिथे घरगुती उपायात घालवलेला तास फार महाग पडतो.

कृती घरी करू नये अशीही माणसं आहेत. मानेची शस्त्रक्रिया झालेले, मानेच्या मणक्यात अस्थिरता असलेले, संधिवातानं मान आखडलेले, मानेतल्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले, डोळ्याचा पडदा सुटल्याचं निदान झालेले. पडून डोक्याला मार लागल्यानंतर चक्कर सुरू झाली असेल, तर आधी मानेची तपासणी व्हायला हवी. अशांनी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे किंवा तोलाच्या व्यायामाचं शिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडे जावं. आणि पहिल्यांदाच असं होत असेल तर निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावं, असं मी प्रत्येकाला सांगेन.

कानात काय बिघडलेलं असतं

आतल्या कानात तोल सांभाळणारी दोन प्रकारची व्यवस्था असते. युट्रिकल नावाच्या छोट्या पिशवीत एका मऊ थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक चिकटलेले असतात. शंखशिंपले ज्या पदार्थाचे बनतात, तोच हा पदार्थ. डोकं कलतं झालं की खाली कुठलं आणि वर कुठलं, हे या स्फटिकांच्या भारावरून कळतं. शेजारी तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव भरलेला असतो आणि डोकं किती वेगानं, कुठल्या दिशेला वळलं ते त्यांच्यामुळे कळतं.

वय वाढलं, डोक्याला मार लागला, आजारपणात फार दिवस अंथरुणाला खिळून राहावं लागलं किंवा कानातल्या मज्जातंतूला सूज येऊन गेली, की यातले काही स्फटिक सुटतात. बऱ्याचदा काहीच कारण सापडत नाही. सुटलेले कण शेजारच्या नलिकेत शिरतात. बहुतेक वेळा ते मागच्या नलिकेतच जातात, कारण ती सगळ्यात खालच्या पातळीला असते. आता डोकं हललं की कण घसरतात, द्रव ढवळतो आणि डोकं थांबलेलं असतानाही नलिका मेंदूला सांगत राहते की आपण फिरतोय. दुसरा कान म्हणतो, नाही फिरत. या भांडणाचं नाव चक्कर.

म्हणजे ही अडचण सरळसरळ कण चुकीच्या जागी गेल्याची आहे. वाकड्या नळीत अडकलेली वाळू बाहेर काढायला आपण नळी हळूहळू फिरवतो, वाळू वळणाशी येऊन बसेपर्यंत थांबतो, मग पुढचं वळण देतो. इथेही तेच करायचं आहे. गोळीनं कण जागचे हलत नाहीत. चक्करच्या गोळ्या मेंदूला थोडं गुंगवतात, मळमळ कमी करतात, पण त्या दिवसेंदिवस घेत राहिलं तर मेंदूची तोल सावरून घेण्याची क्षमताही मंदावते आणि वयस्कर माणसांचा पडण्याचा धोका वाढतो. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या दुखण्यावर अशा गोळ्या सरसकट देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. उलट्या थांबतच नसतील तर एखादा डोस डॉक्टरांना विचारून घेणं वेगळं.

ही कृती जॉन एप्ली यांची. ते अमेरिकेत पोर्टलंडला कानाचे शल्यविशारद होते. १९८० च्या सुमारास त्यांनी ती मांडली तेव्हा डोकं फिरवून चक्कर बरी होते हे सहकाऱ्यांना पटेना. त्यांचा शोधनिबंध छापून यायला १९९२ उजाडलं. आज जगभर हाच पहिला उपचार आहे.

कोणता कान, हे आधी ठरवा

चुकीच्या कानासाठी केलेली कृती वाया जाते, म्हणून ही पायरी गाळू नका. पहिला अंदाज झोपेतूनच मिळतो. उजव्या कुशीवर वळल्यावर जास्त गरगरत असेल तर दोष बहुधा उजव्या कानात. पक्कं करायला चाचणी करायची. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी ती १९५२ साली लंडनमध्ये सांगितली आणि अजून तीच वापरतात.

गादीवर पाय लांब करून बसा. मान उजवीकडे ४५ अंश वळवा, म्हणजे नाक समोर आणि खांदा यांच्या बरोबर मध्ये येईल. मान तशीच ठेवून झटकन उताणे पडा. आधीच पाठीमागे ठेवलेली उशी खांद्यांखाली येईल आणि डोकं उशीपलीकडे किंचित खाली कलेल. डोळे उघडे ठेवा. चक्कर लगेच येत नाही, दोन-पाच सेकंद जातात, कधी त्याहून जास्त. मग वेगानं चढते आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात उतरते. आली तर उजवा कान. काहीच झालं नाही तर उठून बसा, दोन मिनिटं थांबा आणि डावीकडे तसंच करून पाहा.

या वेळी घरातलं कुणी सोबत असू द्या, त्यानं डोळ्यांकडे पाहायचं. बाहुलीकडे पाहत बसलात तर नीट कळणार नाही. पांढऱ्या भागातल्या बारीक लाल शिरांवर नजर ठेवा. दोष मागच्या नलिकेत असेल तर त्या शिरा चक्राकार झटके घेताना दिसतात. डोळ्याचा वरचा काठ खाली असलेल्या कानाकडे वळतो आणि त्याच वेळी डोळा कपाळाकडे उचलला जातो. एकदा पाहिलं की विसरणार नाही इतकं ते ठळक असतं. फोन वीतभर अंतरावर धरून त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. पुढे डॉक्टरांकडे जावं लागलं तर तुम्ही शब्दांत सांगाल त्याहून तो त्यांना जास्त सांगेल.

दोन्ही बाजूंना सारखीच जोरदार चक्कर येत असेल किंवा डोळे आडवेच झटके घेत असतील, तर कण आडव्या नलिकेत असण्याची शक्यता आहे. त्याची कृती वेगळी, तिथे बाजू ओळखणंही अवघड. ते जाणकारावर सोपवा.

तयारी

जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्या. जमिनीवर अंथरलेली गादी पलंगापेक्षा चांगली, कारण पडायची भीती राहत नाही. एक घट्ट उशी किंवा घडी घातलेली चादर पाठीमागे अशी ठेवा की आडवं झाल्यावर ती खांद्यांखाली येईल. डोक्याखाली नको. डोकं उशीवर राहिलं तर मान मागे कलत नाही आणि कण हलत नाहीत. ही चूक फार जण करतात. जवळ एक घमेलं आणि टॉवेल असू द्या. चष्मा काढून ठेवा. पहिल्यांदा करताना घरातलं कुणीतरी डोक्याशी बसलेलं हवंच. त्यानं सेकंद मोठ्यानं मोजायचे आणि धीर द्यायचा. "आई, डोळे मिटू नकोस, माझ्या नाकाकडे बघ, आता थांबेल" एवढं बोलणंही पुरतं. चक्कर येणार हे आधी सांगून ठेवलं की माणूस अर्ध्यावर उठून बसत नाही. मधेच उठणं हा या कृतीचा सगळ्यात मोठा शत्रू आहे.

कृती: उजव्या कानासाठी

पाय लांब करून ताठ बसा. मान उजवीकडे ४५ अंश वळवा.

मान त्याच कोनात ठेवून उताणे पडा. सावकाश टेकत टेकत नाही, दोन सेकंदांत. खांदे उशीवर, डोकं थोडं खाली कललेलं, उजवा कान गादीच्या दिशेला. इथे चक्कर येईल. येऊ द्या, कण सरकायला लागल्याची ती खूण आहे. श्वास रोखू नका. चक्कर पूर्ण थांबू द्या आणि थांबल्यावर आणखी तीस सेकंद मोजा. हे वरचे तीस सेकंद अनेकांना फुकटचे वाटतात. पण कण अतिशय बारीक असतात, द्रवात सावकाश खाली बसतात. चक्कर संपली तरी त्यांचा प्रवास संपलेला असेलच असं नाही. चक्कर आलीच नाही तरी इथे निदान एक मिनिट थांबा.

आता डोकं न उचलता डावीकडे वळवा. चांगलं ९० अंश, म्हणजे नाक आता डावीकडे ४५ अंशांवर येईल. डोकं मागे कललेलंच राहिलं पाहिजे. वळवताना हनुवटी छातीकडे आली तर कण मागे फिरतात. सोबतच्या माणसानं दोन्ही तळहातांनी डोक्याला खालून आधार दिला तर हे सोपं जातं. परत तीस सेकंद ते एक मिनिट. इथे हलकी चक्कर आली तर घाबरू नका, कण योग्य दिशेला चाललेत.

मग सगळं अंग डाव्या कुशीवर वळवा आणि अंगाबरोबर डोकंही आणखी ९० अंश डावीकडे न्या. आता तुम्ही डाव्या खांद्यावर आहात आणि नाक जवळजवळ गादीत, तिरकं खाली रोखलेलं आहे. पुष्कळ जण इथे नुसते कुशीवर होतात आणि समोरच्या भिंतीकडे पाहत राहतात. ते पुरत नाही. गादीवर पडलेली टाचणी शोधायची आहे, इतकं खाली पाहायचं. एक मिनिट.

शेवटी हनुवटी खाली ठेवूनच, डाव्या हातावर भार देत, डाव्या बाजूनंच उठून बसा. पाय त्याच बाजूला घ्या. उताणं होऊन मग उठू नका. या क्षणी काही जणांना अचानक पुढे किंवा मागे ढकलल्यासारखं होतं. कण पिशवीत परतताना असं होतं म्हणतात. सोबतच्या माणसानं दोन्ही खांदे धरून ठेवावेत. हनुवटी किंचित खाली, नजर समोर, पाच-दहा मिनिटं स्वस्थ बसून राहा. चहा आणायला लगेच उठू नका.

डाव्या कानासाठी सगळं आरशातल्यासारखं उलट करायचं. मान आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग उजवी कूस आणि उठणंही उजवीकडूनच. घोळ होतोच, म्हणून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा. उजवा कान: उजवीकडे, डावीकडे, डावी कूस, डावीकडून उठणे.

दिवसातून तीनदा ही कृती करता येते. चोवीस तासांत स्थिती बदलूनही चक्कर आली नाही, की थांबवायची. योग्य कान आणि योग्य कोन असेल तर बऱ्याच जणांना पहिल्या एक-दोन दिवसांतच फरक पडतो.

त्यानंतरचे दिवस

पूर्वी या उपचारानंतर दोन रात्री बसून झोपा, मान हलवू नका, असं सांगत. आता तशी बंधनं लागत नाहीत. नेहमीसारखं झोपा. पहिल्या रात्री मनाला बरं वाटत असेल तर डोक्याखाली एक उशी जास्त घ्या, एवढंच.

गरगरणं थांबलं तरी काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही, पाय जमिनीवर नीट ठरत नाहीत, डोकं हलकं वाटतं. उपचार फसला असं समजून माणसं इथे गोळ्यांकडे वळतात. तसं करू नका. मेंदूला इतके दिवस चुकीचे निरोप मिळत होते, त्याला नव्यानं जुळवून घ्यायचं आहे. त्यासाठी चाला. आधी घरात, मग अंगणात, मग रस्त्यावर. चालताना मान हळूहळू इकडेतिकडे वळवून पाहा. भीतीनं मान ताठ धरून वावरलं की मान आणि खांदे दुखायला लागतात आणि मग पुन्हा मणक्यांवर आळ येतो.

चक्कर पूर्ण जाईपर्यंत दुचाकी चालवू नका. मागचं वाहन बघायला मान वळवली आणि तेवढ्यात रस्ता फिरला, तर सावरायला वेळ मिळत नाही. स्टुलावर चढणं, विहिरीच्या काठाशी वाकणं, पोहणं, हलासन किंवा सर्वांगासन तोवर बंद. न्हाणीघरात डोळ्यांवर साबण घेऊन डोकं मागे टाकू नका, स्टुलावर बसून अंघोळ करा. रात्री उठताना आधी कुशीवर, मग बसतं, मग मिनिटभरानं उभं. वयस्कर माणसांच्या बाबतीत मला चक्करपेक्षा या पडण्याची धास्ती जास्त वाटते. कंबरेचं हाड मोडलं तर ते कानातल्या कणांसारखं पाच मिनिटांत जागेवर बसत नाही.

नाही जमलं तर

कोन सांभाळणं कुणाला जमत नाही, कुणाची पाठ मागे कलत नाही, कुणी एकटं राहतं. त्यांच्यासाठी ब्रान्ट आणि डॅरोफ यांनी १९८० साली सांगितलेला व्यायाम आहे. पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसायचं. मान डावीकडे ४५ अंश वळवून उजव्या कुशीवर आडवं व्हायचं, नाक तिरकं वर. तीस सेकंद किंवा चक्कर थांबेपर्यंत थांबून उठून बसायचं, तीस सेकंद बसायचं. मग मान उजवीकडे वळवून डाव्या कुशीवर तसंच. असे पाच फेरे, दिवसातून तीनदा, दोन आठवडे. गुण उशिरा येतो, एप्लींच्या कृतीइतकी खात्री नाही, पण कोणता कान हे ठरवायची गरज पडत नाही.

एप्लींची कृती नीट करूनही तीन-चार दिवसांत काहीच फरक नसेल तर घरी रेटत बसू नका. कृती करताना कण आडव्या नलिकेत जाऊन बसल्याचंही कधीकधी होतं. आधी एकाच कुशीवर येणारी चक्कर मग दोन्ही कुशींवर आणि जास्त जोरानं येते. असं झालं तर तुमचा तो व्हिडिओ घेऊन डॉक्टरांकडे जा.

पुन्हा झालं तर

हे दुखणं परतण्याची शक्यता बरीच असते. सुटणारे कण सुटायचे थांबतीलच असं कुणी सांगू शकत नाही. एक गोष्ट मात्र हाताशी आहे. दक्षिण कोरियात झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, ड जीवनसत्त्व कमी असलेल्या रुग्णांना ते आणि कॅल्शियम वर्षभर दिल्यावर चक्कर परतण्याचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशानं घटलेलं दिसलं. आपल्याकडे ऊन भरपूर असूनही ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, विशेषतः दिवसभर घरात किंवा कचेरीत असणाऱ्यांत. वारंवार चक्कर परतत असेल तर रक्त तपासून घ्या. पन्नाशीपुढच्या बायकांनी हाडांची घनताही बघून घ्यावी. गोळीचं प्रमाण मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या, आठवड्याची गोळी रोज घेऊन बसणारी माणसं असतात.

मागच्या वेळी उजवा कान होता म्हणून या वेळीही उजवाच, असं धरून चालू नका. चाचणी नव्यानं करा, कान आणि तारीख दवाखान्याच्या फायलीत लिहा आणि मग भिंतीवरचा कागद त्या बाजूचा लावा.